पिंजऱ्यातला उमेदवार

लाईट गेली ते बरं झालं. टीव्हीवरच्या भुतांना तेवढीच सुट्टी. ऋषी, पप्पू, जवळ सरका. हे पारगावच्या अलीकडं भिमाजी ड्रायव्हरच्या बाबतीत घडलं. मला त्यानंच सांगितलं.

फेब्रुवारी दोन हजार दोन, झेडपीच्या मतदानाची आदली रात्र. भिमाजीचे मालक दादाभाऊ निवडणुकीला उभे होते. त्यांच्याविरुद्ध गेणू उभा राहणार होता, पण अर्ज भरायच्या आदल्या रात्री तो उसात मेलेला सापडला. बिबट्यानं मारला, असं ठरलं. पंचनाम्यावर बिबट्याची सही तेवढी राहिली होती. दादाभाऊंनी शोकसभेत डोळे पुसले, त्याच उसाच्या बांधावर वनखात्याचा पिंजरा आणवला आणि नारळ फोडून त्याचं उद्घाटन केलं. कोयता कुणाचा होता, हे एकट्या भिमाजीला ठाऊक होतं. त्या रात्री जीप त्यानंच चालवली होती.

तर साडेअकराला निरोप आला, पिंजऱ्याचं दार पडलंय.

"भिमा, कॅमेरा घे," दादाभाऊ म्हणाले. "बिबट्यासंगं फोटो काढू. मग मतं कुठं जात्यात बघतोच."

"सायेब, वनखात्याची मान्सं येऊ द्या की."

"ती आली म्हंजी फोटो त्यांचा. चल."

जीप बांधाशी थांबली. रानात धुकं. आमिषाची बकरी ओरडत नव्हती. दादाभाऊ बॅटरी घेऊन पुढं झाले.

दार पडलेलं. आत कुणीतरी उकिडवं बसलेलं.

"कोन हाय रं?"

आतून खोकला. ओळखीचा.

"या, दादाभाऊ. माजा अर्ज भरायचा राहिला…"

बॅटरी विझली.

दार वर सरकू लागलं. सावकाश.

"भिमा… जीप चालू कर… भिमा…"

भिमाजी पळाला. मागं दार धाडकन पडलं.

मग काहीच नाही…

"नाना, बिबट्याच आसंल राव."

पप्पू, बिबट्या असता तर ओरखडा असता. सकाळी दादाभाऊ बंद पिंजऱ्यात मेलेले सापडले. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. हार्ट अटॅक, असं ठरलं. ठरवायला आपल्याकडं वेळ लागत नाही.

माझी ड्यूटी त्याच गावच्या मतदान केंद्रावर होती. मतदान सुरू व्हायला तासभर होता, म्हणून बघायला गेलो.

त्यांच्या डाव्या तर्जनीवर शाई होती. मतदानाची. ओली.

शाईची बाटली माझ्या पेटीत होती. परत येऊन पाहिली.

सील शाबूत होतं.