डावीकडची सीट

लातूरच्या मे महिन्यात सीट गरम करणारी गाडी कोण घेतं? आमच्या शेषेराव सरांनी घेतली. दिल्लीहून सेकंडहँड आणली, मूळ मालक म्हणे कुठल्या पहाडातला. औसा रोडला माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोरच त्यांचे क्लासेस. गाडी आली त्या दिवशी बटनं दाबून सगळ्यांना दाखवत होते. अंडी उकडायला घेतली का काय, असं मी म्हणलो, पण मनात.

महिनाभरात त्यांचा ड्रायव्हर निवृत्ती गाडी घेऊन आला. "वाजिदभाई, डावीकडची पुढची सीट तापून राहिली. बटन बंद हाय तरी."

वर बेल्टची कटकट. सीटवर वजन पडलं की गाडीला वाटतं माणूस बसला, मग बेल्ट लावेपर्यंत ती पीं पीं करते. इथं कुणीच बसलेलं नव्हतं. निवृत्तीनं रिकाम्या सीटला बेल्ट लावून तिचं तोंड बंद केलं होतं.

फॉल्ट म्हणलं की मला चेव येतो. बेल्ट सोडला, फ्यूज काढला, सीटखालचा सॉकेट ओढला. कव्हर उसवून बघतो तर गरम करणारी जाळीच जळून तुटलेली. थेट करंट दिला असता तरी ती तापली नसती. जाळी काढून बाकड्यावर टाकली. शेवटी बॅटरीची वायरही सोडली.

पीं पीं चालूच.

फोमवर हात ठेवला. ऊन. माणूस नुकता उठून गेल्यावर खुर्ची राहते तेवढं. गाडी सावलीत उभी, उजवीकडची सीट गार.

"काही समजून न्हाई राहिलं," मी वैतागून म्हणलो.

"असंच होतं तिचं अंग," निवृत्ती म्हणाला.

"कुणाचं?"

"रत्नाक्काचं. माझी सख्खी बहीण. सरांची पहिली बायको."

ती किल्लारीच्या भूकंपात गेली हे सगळ्यांना ठाऊक. सर दरसाल स्टेजवर डोळे पुसून सांगतात. निवृत्तीनं सांगितलं ते स्टेजवरचं नव्हतं.

"मातीतून काढली तवा मी पोटावर हात ठेवला. ऊन होतं. दाजींनी हात लावला आन् म्हणले, गार पडली, उचला. पाऊस पडून राहिला होता, एकाच सरणावर लई जण. रॉकेल ओतलं. मी लहान, माझं कोण ऐकतंय? तवापासून एकच इचारतोय सोताला. मला चुकून ऊन लागलं, का ते खोटं बोलले?"

माझं टाळकं सणकलं. "आन् त्याच माणसाची गाडी चालवतोस?"

"हाव. जवळ राहिल्याबगर कळंल कसं?"

मी कव्हर बसवलं, बॅटरी जोडली, परत सीटवर हात ठेवून बघितला. तेवढ्यात सर रस्ता ओलांडून आले. ॲडमिशनचे दिवस, मागं कंधार-भोकरकडचे पालक. सर जवळ आले तशी सीटमधून धग यायला लागली. मी हात काढून घेतला. तळवा लाल झाला होता.

"झालं का, वाजिद?"

"तुम्हीच हात लावून बघा, सर."

त्यांनी हात ठेवला. बारीक चरचर झाली, मी ऐकली. सरांच्या कपाळावर घाम फुटला. पण पालक बघत होते. सर हसले.

"गारच हाय की."

निवृत्तीनं माझ्याकडं बघितलं. त्याला पाहिजे होतं ते उत्तर मिळालं होतं.

सर रोज मागं बसायचे. आज मागची सीट क्लासच्या नव्या बॅगांनी छतापर्यंत भरलेली.

"बॅगा काढ," सर म्हणाले.

"दाजी, पुढं बसा." चारचौघांत त्यानं पहिल्यांदाच दाजी म्हणलं. "गार हाय म्हणलात न्हवं."

लोकांसमोर काय बोलणार? सर बसले.

बेल्टचा खटका वाजला. सरांचे दोन्ही हात मांडीवर होते.

पीं पीं थांबली.

निवृत्तीनं काचा वर केल्या. चारी दारांचे लॉक एकदम पडले. गाडी निघाली, औशाकडं, किल्लारीच्या वाटेला.

काचेआड सरांचं तोंड उघडं दिसत होतं. हात काचेवर आपटत होते.

"सर हात करून राहिले बघ," कंधारहून आलेली एक बाई कौतुकानं म्हणाली, आणि लेकीला हात करायला लावला.

मीही केला.