शेजारची काच

ताई हट्टी होती. प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाचे नमुने तपासणं तिचं रोजचं काम. धाकट्या बहिणीचं रक्त टेबलावर आलं, तेव्हा साहेब म्हणाले, "घरचं माणूस आहे, दुसऱ्या कुणाला करू दे."

"मीच करणार. बघते कसा जात नाही मेला!"

काम तसं सरळ. अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली, रंग लावलेल्या निरोगी पेशीत लाल आणि हिरवे ठिपके वेगवेगळे चमकतात. या आजारात दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना चिकटतात, मग लाल-हिरवे ठिपके एकावर एक येऊन पिवळे दिसतात. पडताळ्यासाठी रुग्णाच्या काचेशेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची काच ठेवायची. ते रक्त तिथल्याच लोकांचं, पाळीपाळीनं.

गोळ्या लागू पडल्या. धाकटीचे पिवळे ठिपके घटले आणि ताईचा जीव भांड्यात पडला. पण शेजारच्या काचेवर, शिपाईकाकांच्या रक्तात, पिवळे ठिपके होते. काकांचं रक्त पुन्हा काढलं तर अगदी स्वच्छ! पुढच्या खेपेला साहेबांच्या रक्ताचीही तीच गत.

"काच खराब असेल," साहेब म्हणाले.

मग एकदा घाईत शेजारची काच ठेवायचीच राहिली. त्या खेपेला धाकटीचे ठिपके पुन्हा वाढले. एकही गोळी चुकली नव्हती. घरी धाकटी उशीत तोंड खुपसून रडली आणि ताईचं डोकं भडकलं.

"त्या मेल्याला बसायला जागा लागते काय? देते जागा."

या वेळी तिनं शेजारी कोरी काच ठेवली. ना रक्त, ना पेशी. "बस उपाशी," ती पुटपुटली.

धाकटीची काच पाहिली. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत लाल, हिरवे, वेगवेगळे.

मग कोरी काच. काच धरणारा चाप सैल होता, म्हणून अंगठ्यानं कड दाबून धरली.

कोऱ्या काचेवर पिवळे ठिपके होते.

ते सरकत होते. तिच्या अंगठ्याकडे.

दाराबाहेरून धाकटीचा आवाज आला, "ताई, काय गं? सांग ना!"

अंगठा उचलला असता तर ते माघारी गेले असते. कुठे, ते ताईला पक्कं ठाऊक होतं.

"स्वच्छ आहेस गं!" ती ओरडली. मग खाली वाकून हळूच म्हणाली, "ये. माझ्याशी गाठ आहे."

तिनं अंगठा आणखी घट्ट दाबला.

थोड्या वेळानं कोऱ्या काचेवरही काही उरलं नाही.