सौदामिनीला धाप का लागली?

गाडी बिघडलेली नव्हती. बॅटरी निम्मी भरलेली होती. चालवणारीनं वेग द्यायची कसर ठेवली नव्हती. तरीही सातव्या फेरीत सौदामिनी आपण होऊन हळू झाली, आणि दहाव्या फेरीपर्यंत तर एखाद्या नवशिक्यानं मंडईत नेल्यासारखी रडतखडत चालायला लागली.

ही गोष्ट सन २०४१ मधली. खंडेनवमीच्या दिवशी कोल्हापूरजवळच्या माळावर, शर्यतीच्या ट्रॅकवर हे घडलं. सौदामिनी म्हणजे विजेवर धावणारी स्पोर्ट्स कार. डॉ. हिंदुराव चौगुले यांनी तीन वर्षं खपून ती उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये घडवली होती. राष्ट्रीय शर्यतीत जागा मिळवायची, तर तिनं वीस फेऱ्या एकाच वेगात पुऱ्या करून दाखवायच्या होत्या. संधी दोनच. पहिली नुकतीच हातची गेली होती आणि दुसरी दुपारी चार वाजता होती. तीही गेली, की तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

जबीन मुजावर गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं आणि धपकन टायरच्या ढिगावर बसली. पन्हाळ्याच्या वळणांवर भल्याभल्यांना मागं टाकणारी ही पोरगी, पण आत्ता तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"पाय पार तळाला टेकवला हुता, आबा," ती म्हणाली, "पण गाडी ऐकंनाच बगा!"

आबा म्हणजेच डॉ. हिंदुराव. त्यांची अकरा वर्षांची नात अनू शेजारीच उभी होती. आपल्या आजोबांना जगातलं सगळं कळतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. सौदामिनीवर तर तिचा जीव होता.

"आबा, आपली गाडी आळशी आहे का हो?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"आळशी? छे गं! भलतीच शहाणी आहे ती," आबा म्हणाले आणि खाली बसले. "बॅटरीच्या पोटात हजारो सेल असतात (वीज साठवणाऱ्या बोटाएवढ्या नळकांड्या). त्यांच्यातून वीज भराभर बाहेर पडते, तेव्हा आतल्या वाटेत तिला अडथळा होतो आणि सेल तापतात. तळहात एकमेकांवर जोरात घास बघू."

अनूनं घासले. हात चांगलेच गरम झाले.

"हां. तसंच काहीसं. आपल्या गाडीचे सेल पंचेचाळीस अंशांपर्यंत खुशीत असतात. पंचावन्नच्या पुढे गेले की त्यांचं आयुष्य घटायला लागतं, आणि फारच तापले तर आगीची भीती. म्हणून गाडीतला संगणक आधीच शक्तिकपात करतो (म्हणजे मोटारीला मिळणारी वीज स्वतःहून कमी करतो). चालवणारा काहीही म्हणो, तो ऐकत नाही."

"म्हणजे तिनं स्वतःला वाचवलं?"

"स्वतःला, आणि आधी जबीनला."

अनूनं गाडीच्या चकचकीत बॉनेटवरून हात फिरवला. मघाशी आपण हिला आळशी म्हणालो, याची तिला लाजच वाटली.

"मग बर्फ घालू या ना तिच्यात! थंडी आत गेली की झालं."

"थंडी अशी कुठून आणून ओतता येत नाही, बाळ. आतली उष्णता उचलून बाहेर न्यावी लागते. बर्फसुद्धा तेच करतो, पण वितळला की संपला. इथं ते काम शीतक करतो (गाडीच्या नळ्यांतून फिरत राहणारा द्रव). सेलच्या खालून जाताना तो उष्णतेचं ओझं उचलतो आणि गाडीच्या नाकापाशी रेडिएटरकडे (पातळ पात्यांची मोठी जाळी) येतो. तिथं समोरून येणारी हवा ते ओझं उतरवून घेते. हलका झालेला शीतक पुन्हा सेलकडे. शीतक हमाल आहे म्हण. आता सांग, ओझं उतरवून घ्यायला कुणीच आलं नाही, तर हमाल काय करेल?"

अनूनं डोकं खाजवलं. "तेच ओझं घेऊन परत जाईल."

"बास! आता हा पडदा बघ आणि गडबड कुठं आहे ते मला सांग."

आबांनी छोटा संगणक तिच्या हातात दिला. जबीनही मान उंचावून बघायला लागली. सौदामिनीला दोन रेडिएटर होते. उजवा मोटारीसाठी, डावा बॅटरीसाठी. पंप आणि पंखे सुरूच होते. उजवीकडे शीतक साठ अंशांवर आत जात होता आणि एक्कावन्नवर बाहेर येत होता. डावीकडे एक्कावन्नवर आत आणि पन्नासवर बाहेर.

"डावीकडचा हमाल ओझं घेऊनच परत चाललाय!" अनू ओरडली. "पंप चालू आहे, म्हणजे तो फिरतोय. पण हवा त्याच्याकडून काही घेतच नाहीये."

"घेत नाहीये, की तिथं पोचतच नाहीये?" आबांनी विचारलं.

हवा दिसणार कशी? अनूनं इकडेतिकडे पाहिलं. सकाळी गाडीची पूजा झाली होती, तिचं ताट अजून टेबलावरच होतं. तिनं एक उदबत्ती उचलली, जबीनकडून पेटवून घेतली आणि गाडीच्या नाकातल्या उजव्या फटीसमोर धरली. धूर वाकला आणि सर्रकन आत ओढला गेला. मग तिनं ती डाव्या फटीसमोर धरली. धूर आपला निवांत सरळ वर चालला.

"आगं बया!" जबीन म्हणाली. "नाकच चोंदलंय की हिचं!"

आबांनी अनूच्या पाठीवर थाप मारली. पण अनू उदबत्ती हातात धरून डाव्या फटीकडेच बघत राहिली.

डावी फट. सकाळी सगळे नारळ फोडण्याच्या गडबडीत होते, तेव्हा तिनं झेंडूची फुलं दोऱ्यात ओवून तिथंच अडकवली होती. सौदामिनीला नाक आहे, मग नथ नको? आणि नथ तर डाव्याच नाकपुडीत असते! चाचणीआधी सगळ्यांनी बॉनेटवरचा मोठा हार आठवणीनं काढला. नथ मात्र दिसली नाही. कुठंतरी पडली असेल, असं म्हणून अनूनं तो विषय सोडून दिला होता.

आता गप्प बसलं तर कुणाला कळणारही नाही, असं एकदा तिच्या मनात आलं. पण चारला दीड तास उरला होता, आणि काय सापडलं ते आबांना शर्यतीच्या पंचांकडे लिहून द्यावं लागणार होतं. शिवाय जबीन पुन्हा त्याच गाडीत बसणार होती.

"आबा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "ते मी केलंय." मग तिनं सगळं सांगून टाकलं.

आबा गाडीकडे वळले. त्यांनी गाडी बंद केली, समोरचं आवरण काढलं. डाव्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्यांचा जाड थर चिकटून बसला होता. पंख्यानं ओढून ओढून पार लगदा केला होता त्यांचा. दोरा पात्यांत गुंतला होता.

"चटणीच झालीया की!" जबीनला हसू आवरेना.

आबांनी खिशातली डायरी काढली आणि लिहायला लागले. अनूला वाटलं, आता आपलं नाव पंचांकडे जाणार. त्यांनी डायरी तिच्यापुढे धरली. त्यात लिहिलं होतं: "चूक हिंदुराव चौगुले यांची. हवेच्या वाटेवर गाळणी बसवली नाही. हवा अडली तर इशारा देणारा संवेदक (बदल ओळखणारं छोटं यंत्र) बसवला नाही."

"पण फुलं मी घातली, आबा!"

"घातलीस. आणि नथ गेली कुठं, हे विचारलं नाहीस, तेवढी चूक तुझी. पण आपल्या मुलखात उद्या उसाचा पाला उडत येईल, तेव्हा मी कुणाला रागावू? नथीनं धाप लागते अशी गाडी मीच बनवली ना?"

एवढा मोठा माणूस स्वतःची चूक इतक्या सहज लिहून मोकळा होतो, हे अनूनं पहिल्यांदाच पाहिलं. आबा तिला तेव्हा जितके आवडले, तितके कधीच आवडले नव्हते.

मग तिघं कामाला लागली. मऊ ब्रशनं, उलट्या बाजूनं हवा मारून एकेक पातं साफ केलं. दोरा अनूनंच सोडवला. तिची बोटं सगळ्यांत बारीक होती.

बॅटरी पुन्हा भरून घेतली, आणि चार वाजता सौदामिनी सुटली. आवाज जवळपास नाहीच, नुसता वाऱ्याचा सणसणाट. अनूचे डोळे पडद्यावर खिळले. सातव्या फेरीत सेल त्रेचाळीस अंशांवर. अकराव्या फेरीत सत्तेचाळीस. तिनं आबांचा हात घट्ट धरला. पंधराव्या फेरीत एकोणपन्नास. सतराव्या फेरीतही एकोणपन्नास. आकडा हलायलाच तयार नव्हता.

"का थांबला तो?" तिनं विचारलं.

"आता जेवढी उष्णता आत तयार होतेय, तेवढीच बाहेर पडतेय. आवक आणि जावक सारखी. याला म्हणतात समतोल. तो सांभाळला, की गाडी दिवसभर पळेल."

विसावी फेरी पुरी झाली. पंचांनी हिरवं निशाण दाखवलं. जबीन गाडी थांबवून अशी झेप घेऊन बाहेर आली, की आबांची टोपीच उडाली. तिनं अनूला उचलून गरागरा फिरवलं.

खाली उतरल्यावर अनू गाडीजवळ गेली. चाकामागच्या जाळीतून गरम हवा बाहेर येत होती. तिनं तळहात पुढे धरला. हजारो सेलच्या पोटातली ती ऊब आता तिच्या हातावर होती.

"आबा, ही एवढी उष्णता नुसती टाकून द्यायची? हिच्यापासून परत वीज नाही करता येणार?"

आबांनी मघाशी उडालेली टोपी उचलली. झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली.

"थोडीशी करता येते," ते म्हणाले. "पण एवढ्याशा कोमट उष्णतेपासून भरपूर वीज कशी करायची, ते मला माहीत नाही. अजून कुणालाच ते नीट जमलेलं नाही."

जगातलं सगळं ज्यांना कळतं, त्या आबांना हे माहीत नव्हतं! तिकडे जबीन पेढे घ्यायला हाका मारत होती. अनूनं हात काढला नाही. ती हवा थंड होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, विचार करत.