मागाहून रंगवलेलं दार

डावीकडे

विहीर. पाणी पिणारे पाच शिपाई, पाणी ओतणारा म्हातारा, एक घोडा. घोड्याचा लगाम धरलेल्या शिपायाच्या गालावर व्रण. अठराव्या शतकातलं चित्र, चित्रकार अज्ञात. शेजारच्या फलकासाठी दादानं मजकूरही लिहून ठेवला होता : ‘थकलेल्या सैनिकांचं गावानं केलेलं स्वागत.’

“कसलं स्वागत? म्हाताऱ्याचा हात बघ. पाणी सांडतंय.”

“म्हातारा आहे, हात थरथरणारच. तू कापूस फिरव, अर्थाचं मी बघतो.”

आम्ही भावंडं एकाच संग्रहालयात. चित्रांचा अर्थ तो लावतो, ती साफ मी करते. घरीही तेच. भांडी मी घासते, चवीवर तो बोलतो.

उजवीकडे

घर. बंद दार. दाराचा तपकिरी रंग नवा होता, कापसाच्या बोळ्याला लगेच लागला. आमच्या कामात मागाहून चढवलेला रंग काढायचा असतो, मूळ चित्र राखायचं असतं.

“दादा, कुणीतरी मुद्दाम लावलंय हे दार.”

“म्हणजे मुळात उघडं होतं! स्वागतच की. काढ.”

काढलं. आत, चुलीपाशी, एक बाई. मांडीवर मूल. बाईची नजर विहिरीकडे. तिचा तळवा मुलाच्या तोंडावर दाबलेला.

“झोपवत असेल,” दादा म्हणाला.

मध्यभागी

रिकामं अंगण. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रावरचं कापड काढलं, तर धुळीत खुरांचे ठसे. साफसफाईआधीच्या फोटोत अंगण कोरं होतं.

“मळ निघाला, ठसे दिसले. त्यात काय?” दादा म्हणाला. पण चित्राच्या डाव्या बाजूकडे तो बघत नव्हता.

मी बघितलं. कुणीच पाणी पीत नव्हतं. पाचही चेहरे दाराकडे वळलेले.

पुन्हा उजवीकडे

आम्ही जेवून आलो तेव्हा बाई चुलीपाशी नव्हती. मुलाला उराशी धरून मागच्या भिंतीला चिकटली होती.

“दार लाव,” दादा म्हणाला.

“आणि नियम?”

“चुलीत गेला नियम! लाव गं, लवकर.”

मी तपकिरी रंग कालवला. हात थरथरत होता, रंग सांडत होता. उंबरठा झाकला, चूल झाकली, शेवटी बाई आणि मूल. कुठे फट राहू दिली नाही.

“सुटली बिचारी,” दादा खुर्चीत बसत म्हणाला.

पुन्हा डावीकडे

विहीर. म्हातारा पालथा पडलेला.

शिपाई चार.

“दादा, गालावर व्रण असलेला कुठे गेला?”

तो उठला नाही. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

मी नुकत्याच रंगवलेल्या दाराशी घोडा उभा होता. खोगीर रिकामं.

मी बोळा भिजवून दारावर फिरवला. पुन्हा फिरवला. रंग अजून ओला होता.

बोळा कोराच येत होता.