मोजून बंद केलं

एका आजींच्या गोदामात विमान बघायला गेलो तेव्हा मला भीतीबिती काही वाटली नव्हती. उलट मी हरखून गेलो होतो. जुनी लढाऊ विमानं शोधून काढायची आणि पुन्हा उडती करायची, हा माझा नि दादाचा उद्योग. हात काळे मी करायचे आणि आकाशात मिरवायचं त्यानं, अशी आमची वाटणी. या जातीचं हे एकच विमान उरलं होतं. त्याच्यासाठी मी अकरा वर्षं वणवण केली होती.

आजी म्हणाल्या, "माझे बाबा याचे मेकॅनिक. हवेत विमान वळवायचा दांडा अडकला आणि वैमानिक गेला. विमान चिखलात उतरलं म्हणून शाबूत राहिलं. पुढं भंगारात निघालं तेव्हा बाबांनीच घेतलं. शेवटपर्यंत एकच घोकत होते, मी हत्यारं मोजली होती..."

आमच्या धंद्यात विमानाचं झाकण बंद करण्याआधी पाना, पक्कड अशी सगळी हत्यारं मोजतात, एखादं आत राहू नये म्हणून. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी विमान जागचं हलत नाही.

दोन वर्षं आम्ही त्या विमानावर राबलो. वैमानिकाच्या आसनामागचा रंग खरवडताना एका झाकणावर लाल पेन्सिलीची अक्षरं निघाली. 'हत्यारं मोजली. बंद केलं.' खाली अपघाताच्या दिवसाची तारीख. मला भरूनच आलं. मी त्यावर पारदर्शक वार्निश मारलं. बाकीची सगळी झाकणं उघडली, हे मात्र नाही.

"एकदा उघडून तर बघ," दादा म्हणाला.

"स्क्रू हलला की वार्निश तडकेल, अक्षरं जातील. शेजारच्या भोकातून बॅटरी मारून बघितलंय. सगळं ठीक आहे."

"तुला भावापेक्षा अक्षरं प्यारी!"

आम्ही दोघंही हसलो.

उड्डाण शनिवारी होतं. गुरुवारी सकाळी शेडचं कुलूप काढलं, तर ते झाकण निघालेलं. खाली एका पत्र्याच्या डबीच्या झाकणात चार स्क्रू ओळीनं मांडून ठेवलेले, रॉकेलनं ओले. वार्निशला साधा तडाही नव्हता. मला वाटलं, दादाचाच चावटपणा. अक्षरांच्या काळजीनं मी इतका चिडलो होतो की आत डोकावायचंही सुचलं नाही. झाकण तसंच बसवलं. शुक्रवारी पुन्हा तेच. मी परत झाकण लावलं आणि कुलूपच बदललं.

शनिवारी झाकण जागेवर होतं. माझा जीव भांड्यात पडला. दादा आत बसला. मी पंखावर उभा राहून, पुढे वाकून त्याचा पट्टा आवळत होतो. इतक्यात आसनामागून आवाज आला. करकर... थांबला. पुन्हा करकर... गंजलेला स्क्रू कुणीतरी सावकाश फिरवत होतं.

"मागे काय करतोयस?" दादानं विचारलं.

"मी... मी तुझ्यासमोर आहे."

रॉकेलचा दर्प आला. पत्र्यावर काहीतरी टणकन पडलं. मग दुसरं. तिसरं...

चौथ्याची वाट न बघता मी दादाला काखेत धरून बाहेर ओढलं.

आवाज थांबल्यावर मी मनाचा हिय्या करून त्या उघड्या जागेत हात घातला. बॅटरीचा उजेड पोचत नव्हता त्या वळणापलीकडे बोटांना लाकूड लागलं. तो जुना, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर होता. विमान वर चढायला लागताच तो घरंगळून दांड्याच्या तारेखाली अडकला असता. त्या बिचाऱ्या मेकॅनिकची मोजणी चुकली होती. मी तर मोजलंच नव्हतं, त्याच्या अक्षरांवर भरवसा ठेवून भावाला आत बसवलं होतं. मला दादाकडे बघवेना.

आमच्या फळीवर मी त्या स्क्रू ड्रायव्हरची आकृती रंगवली आणि तो तिथं टांगला. आजींना कळवलं तेव्हा त्या फोनवर खूप रडल्या. पुढच्या शनिवारी दादा उडाला आणि सुखरूप उतरला. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव मोकळा झाला.

परवा सकाळी मात्र ती आकृती रिकामी दिसली.

दादाचं पुढचं उड्डाण दुसऱ्याच दिवशी ठरलेलं. मी विमानाचं झाकण न् झाकण उघडून आत हात घातला. स्क्रू ड्रायव्हर कुठंच नाही. शेवटी ते लाल अक्षरांचं झाकण उजेडात धरलं. वार्निश काचेसारखं अखंड होतं. पण त्याखालची तारीख जुनी नव्हती. त्या उड्डाणाच्या दिवसाची होती.

दादाला दाखवलं. आधी हसला, मग त्यानं वार्निशवरून बोट फिरवून बघितलं. डॉक्टर या वर्षानंतर त्याला उडू देणार नाहीत, म्हणून तो हट्ट सोडत नाही. कसंबसं उड्डाण आठ दिवस पुढं ढकलायला लावलं.

आज सकाळी पुन्हा जाऊन बघितलं. फळीवरची जागा अजून रिकामीच आहे. आणि तारीख आठ दिवसांनी पुढं गेली आहे.