बारा मापं धरलेला सूर

ऐका. पुणं नावाचं शहर होतं, अजून आहे. स्वारगेटहून कँपाकडे जाताना आत एक बोळ होता. बोळात ख्रिस्ती लोकांचं दगडी चर्च होतं, चर्चमागं दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांत माधव राहत होता, त्याची बायको एस्तेर राहत होती, आणि तिसरा जीव एस्तेरच्या पोटात होता. सातवा महिना. मी बोळाच्या तोंडाशी राहायची. एस्तेरची नि माझी नळावरची मैत्री. तेव्हा हे कुणाच्या कुणाकडून आलेलं नाही. तिनं वेगळं सांगितलं, त्यानं वेगळं सांगितलं, आणि दोघांचं जुळलं.

खोल्या चर्चच्या होत्या. गाणाऱ्यांचा ताफा असतो ना त्यांचा, क्वायर म्हणतात, त्याच्या मास्तरांना त्या मिळायच्या. मास्तर म्हणजे श्रीनिवास, एस्तेरचे वडील. त्या साली संक्रांतीच्या सुमाराला ते वारले. जावई रविवारी पायपेटी वाजवायचा, एरवी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. पण पेटीवाला वेगळा नि मास्तर वेगळा. कमिटी बसली. कमिटीत एक पेन्शनर प्रोफेसर होते, जन्मभर लोकांच्या उत्तरपत्रिका कापलेले.

ते म्हणाले, “उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, ते जुनं जर्मन गाणं बसवून दाखवा. आणि ते कसं बांधलंय, कुठला आवाज कुठं शिरतो, कुठं थांबतो, का थांबतो, हे कागदावर लिहून द्या. जमलं तर मास्तर तुम्ही. नाही जमलं तर एक एप्रिलला खोल्या रिकाम्या.”

“एक एप्रिल? लोकांना थट्टा वाटेल साहेब,” माधव म्हणाला.

“आम्ही थट्टा करत नाही. तेवढा वेळ नसतो.”

बाळंतपण तोंडावर आणि डोक्यावरचं छप्पर त्या गाण्यावर टांगलेलं.

गाणं अडीचशे वर्षांपूर्वीचं. शब्द म्हणाल तर एवढेच, देवा दया कर. पण चार आवाज. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. माधवनं मला एकदा समजावलं होतं. मी पाट्यावर चटणी वाटत होते. म्हणाला, “अक्का, समजा चौघी जणी भरला हंडा धरून जिना उतरतायत. तिघींनी खालच्या पायरीवर पाऊल टाकलं, चौथी वरच. हंडा कलतो, पोटात धस्स होतं. मग चौथी उतरते, हंडा सरळ होतो, जीव भांड्यात पडतो. अख्खं गाणं असं कलत नि सावरत जातं.”

“आणि चौथी उतरलीच नाही तर?”

“उतरतेच. न उतरून कसं चालेल?”

पण ते गाणं बारा वर्षं कुणी गायलं नव्हतं. बावन्न साली तालमीतच दीनानाथ वारला होता. पुरुषांचा उंच आवाज, त्याला टेनर म्हणतात, तो गायचा. छातीचा नाजूक, स्वभावानं सरळ. आणि श्रीनिवास मास्तरांचा नेम कडक. ‘वहीबाहेर सूर नाही. लिहिलंय तेवढं गायचं, लिहिलंय तिथंच श्वास घ्यायचा.’ त्या गाण्यात एका जागी टेनरनं एकच सूर धरून ठेवायचा होता. दीनानाथनं धरला. धरता धरता बाकावर बसला. बसला तो उठलाच नाही. मास्तरांनी वह्या कपाटात टाकल्या, किल्ली फिरवली.

आता ती रात्र. मंगळवार, चोवीस मार्च, एकोणीसशे चौसष्ट. त्या वर्षी उत्तम शुक्रवार आणि होळी एकाच दिवशी आले होते. बोळातली पोरं संध्याकाळपासून लाकडं गोळा करत आणि तोंडावर हात मारून बोंबा ठोकत हिंडत होती.

आठच्या सुमाराला माधव जेवून उठला.

“अहो, लवकर या,” एस्तेर म्हणाली. “आणि दीनानाथकाकांच्या बाकावर बसू नका.”

“मग काय उभ्यानं लिहू?”

“उभ्यानं लिहा. पण तिथं नको.”

क्वायरची जागा वर माडीवर. अरुंद गोल लाकडी जिना. तिथंच पायपेटी, तिथंच कपाट. वर वीज नव्हती. माधवनं दोन मेणबत्त्या लावल्या, पेटीवर कागद पसरले. एका बाजूला मिशनरी साहेबानं आणलेलं मूळ जाड पुस्तक, त्यात चारही आवाज एकाखाली एक. दुसऱ्या बाजूला सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं, जांभळ्या पेन्सिलीनं उतरवलेल्या चार वह्या, डो रे मी फा अशा अक्षरांत, आपलं सा रे ग म तसं. सूर लांबवायचा असला की अक्षरापुढं आडवी रेघ.

काम छान चाललं. पहिल्यांदा खालचा पुरुष आवाज शिरतो. चार मापांनी, म्हणजे तालाच्या चार घरांनी, टेनर, तीच ओळ वरून. मग बायका. एक पुढं पळते, तीन मागं लागतात. कुठं फा धरलेला, कुठं तो उतरून मी झालेला. माधव लिहीत गेला. हंडा कलला, सावरला. कलला, सावरला.

चौतिसाव्या मापाशी हात थांबला.

टेनरच्या वहीत तिथं फा होता. आणि त्यापुढं नुसत्या रेघा. एक माप रेघा, दोन मापं रेघा... बारा मापं. बाकीचे तीन आवाज खाली खाली चाललेले, आणि हा एकटा वर अडकलेला. त्यानं पेटीवर वाजवून पाहिलं. हे काही गाणं नव्हे. हे म्हणजे कुणीतरी कुणाचातरी गळा धरलाय.

मूळ पुस्तकात ती जागा काढायला गेला, तर सापडेना. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मेणाचा थेंब. नखानं हळूच सोडवली. आत बारा मापं होती. टेनरचा फा तिथं अर्ध्या मापातच खाली उतरत होता, आणि पुढं पाण्यासारखा वाहत होता.

मग सगळं कळलं. तीन वह्या आधी झाल्या. टेनरची शेवटी, रात्रीची, मेणबत्तीपाशी. दोन पानं एकत्र उलटली. शेवटी मापं मोजली तर बाकीच्या वह्यांपेक्षा बारा कमी भरली. मास्तरांना वाटलं, या जागी सूर धरायचाच असेल, दुःखाचं गाणं आहे. माप जुळवायला रेघा ओढून मोकळे झाले.

आणि दीनानाथनं त्या रेघा गायल्या.

माधवनं पेन्सिल खाली ठेवली. हे कागदावर लिहायचं? सासऱ्यांना जाऊन पुरते तीन महिनेही झाले नाहीत. एस्तेर या अवस्थेत. कमिटी म्हणेल, मास्तरांनी माणूस मारला, त्यांच्या घरातला नवा मास्तर नको. त्यानं पेन्सिल उचलली आणि लिहिलं, ‘या स्थळी टेनरचा फा बारा मापं धरण्याची मूळ रचनाकाराचीच योजना आहे. वेदना दाखवण्यासाठी.’

पानं परत एकमेकांवर दाबली. मेण मऊ करून.

खाली खट्ट वाजलं.

मोठं दार. बाहेरून कडी. मग कुलूप.

“गेनबा!” तो ओरडला. गेनबा चर्चचा रखवालदार, वाघोलीकडचा. “अरे गेनबा, मी वर आहे!”

धडधडत जिना उतरला. दारावर मुठी आपटल्या. बाहेर पोरं बोंबा मारत होती. हा ओरडला की बाहेरून त्याहून मोठी बोंब. कुणीतरी हसलं, “आतपण कुणीतरी चालू झालंय रे!” पावलं लांब गेली. होळीच्या दिवसांत पुण्यात माणूस ओरडला तर वळून कोण बघतो?

मागचं दार विटांनी चिणलेलं. खिडक्या दोन पुरुष उंच. ठीक आहे, तो स्वतःशी म्हणाला. सकाळी उघडतील. वर जाऊ. वर उजेड तरी आहे.

अर्ध्या जिन्यात असताना त्याला ते ऐकू आलं.

आधी वाटलं डास. मग वाटलं पेटीची पट्टी अडकली, कधी कधी अडकते. वर गेला. पेटी गप्प. भाता रिकामा. पट्ट्या सगळ्या वर.

सूर चालूच.

माणसाचा सूर. पुरुषाचा. हलका, अगदी सरळ, ताणलेल्या तारेसारखा. भिंतीकडच्या बाकावरून. बाकावर कुणी नव्हतं.

त्यानं पेटीवर फा दाबला. तोच होता.

“कोण आहे?”

...

कानांवर हात ठेवले. तेवढाच मोठा. जिना उतरून पार दारापाशी गेला. तेवढाच मोठा. लांब गेल्यानं कमी नाही, जवळ आल्यानं जास्त नाही. माणूस गातो तर मध्ये श्वास घेतो. हा घेत नव्हता. किती वेळ झाला? बाहेरची पोरं घरी गेली. टॉवरच्या घड्याळाचे अकरा ठोके पडून गेले. बारा वाजले, तीन वाजले. सूर तोच.

परत वर आला. पायानं भाता मारला, फा वाजवला, आणि बोट खालच्या पट्टीवर, ‘मी’वर, सरकवलं. “असं,” तो म्हणाला. “असं खाली ये. ये ना.”

सूर हलला नाही.

तीनदा वाजवलं. दहादा वाजवलं. सूर हलला नाही. वहीबाहेर सूर नाही.

मग त्याच्या लक्षात आलं... आपण कितीतरी वेळ श्वास सोडलेला नाही. छाती भरलेली. गच्च. सोडायला गेला, सुटेना. तोंड उघडलं. आत जात नव्हतं, बाहेर येत नव्हतं. एक मेणबत्ती विझली. वारा नव्हता.

डोळ्यांपुढं काळं यायला लागलं.

बाक करकरला.

कुणीतरी उठल्यासारखा.

माधवनं वही ओढली. टेनरची. चौतिसावं माप. पहिल्या रेघेवर पेन्सिल फिरवली. दुसऱ्या. बाराही. ‘फा’च्या शेजारी खालचा सूर लिहिला, ‘मी’. मग स्वतःचा कागद घेतला, ती खोटी ओळ खोडली, आणि खाली लिहिलं: ‘चूक वही उतरवणाऱ्याची. श्रीनिवास मास्तरांची. दोन पानं एकत्र उलटली. वहीत लिहिलं होतं तेच दीनानाथनं गायलं.’

सूर...

उतरला.

एक पायरी. इतका हळू, की जणू पाय खाली टेकतोय की नाही याची खात्री करून घेतोय. आणि टेकला.

मग त्या माडीवर कुणीतरी श्वास घेतला. माधवनं नव्हे. खोल, लांब, विहिरीत बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. त्यानंतर माधवला स्वतःचा आला. तो पेटीवर डोकं टेकून रडला.

सहा वाजता गेनबानं दार उघडलं आणि त्याला बघून दोन पावलं मागं सरला.

“साहेब! तुमी आतच?”

“कुलूप लावताना हाक मारायची असते, गेनबा.”

“मारली की! म्या म्हनलं, हाय का कुनी? वरनं तुमीच म्हनलासा, ‘जा, लाव कुलूप.’ म्या म्हनलं, असंल मास्तरकीची तालीम.”

“मी म्हणालो?”

“मंग दुसरं कोन म्हननार?” गेनबानं माडीकडं पाहिलं. मग पाहायचं थांबवलं.

घरी एस्तेर उठून चुलीपाशी बसली होती. “रात्रभर तो एकच सूर दाबून काय बसलात हो?” ती म्हणाली. “मला वाटलं, पेटी बिघडली. पहाटे एकदाचा सूर खाली आणलात, मग माझा डोळा लागला.” रात्रीत पेटी आपण किती थोडी वाजवली होती, हे त्यानं तिला सांगितलं नाही. पण तिच्या वडलांची गोष्ट सांगितली. सगळी. तिनं तवा चुलीवरून उतरवला. मग म्हणाली, “कागद तसाच द्या. अप्पांना सुटायचं असेल तर असंच सुटतील.”

गुरुवारी कागद कमिटीपुढं गेला. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांनी, वाचला आणि चष्मा काढून ठेवला. प्रोफेसरांनी दोनदा वाचला, समासात बरोबरची खूण केली.

“सासऱ्याची चूक स्वतःच्या अक्षरात लिहून देणारा जावई मी या शहरात पहिल्यांदा पाहतोय,” ते म्हणाले. “विश्लेषण बरं आहे. अक्षर वाईट आहे. उद्या गाणं जमलं की द्या त्याला काम.”

दोन दिवस तालमी करून शुक्रवारी क्वायर गायलं. मी बोळातूनच ऐकलं, आत काही गेले नाही. बाहेर पोरं होळी रचत होती, तीसुद्धा तेवढी चार मिनिटं गप्प झाली. दीनानाथची म्हातारी बहीण आली होती, मागच्या बाकावर. ती रडली नाही. गाणं संपल्यावर तिनं माधवचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. खोल्या राहिल्या. मेच्या शेवटी त्याच खोल्यांत मुलगी झाली, पहिल्याच रडण्यात बोळ जागा केला तिनं. छापखान्यातल्या पगारावर मास्तरांचा पगार आला. पुढं दोन मुलगेही झाले. घर भरलं, गोकुळ झालं.

आता एकच राहिलं. टेनरची ती वही एस्तेरनं मला दाखवली होती. मला वाचता येत नाही, पण खूण खूण असते. माधवनं शिशाच्या पेन्सिलीनं लिहिलेला ‘मी’, आणि त्याच्या लगेच पुढं, वरच्या अंगाला, एक बारीक स्वल्पविराम. गाणारे तिथं श्वास घेतात, असं एस्तेर म्हणाली. तो जांभळा होता. जिभेवर ओली करून लिहायची पेन्सिल असते ना, तसला जांभळा, वहीतल्या मास्तरांच्या अक्षरांसारखा. माधवकडं तसली पेन्सिल कधीच नव्हती. आणि त्या पहाटे त्यानं वही मिटायला घेतली, तेव्हा तो ओला होता.