गाव उजवीकडे ठेवून

"पावणं, कुठल्या गावचं?"

बारवेच्या वळणावर धुक्यातून एकदम समोर आलेल्या माणसानं मला असं विचारलं. या गावात सून म्हणून आले तेव्हा माझी वेणी कमरेखाली पोचत होती. आता मुठीत मावेल एवढा अंबाडा उरलाय. आणि हा मला पावणं म्हणणार!

"मी इथलीच. पावणं तुम्ही दिसताय."

तो हसला, आणि मी ओळखलं. आकाराम. माझ्या वरातीपुढे लेझीम खेळताना ज्याचा फेटा सुटून गर्दीत हरवला होता, तोच. पुढे शिरोलीच्या फौंड्रीत नोकरीला लागला, तिकडेच संसार केला. बायको गेल्यावर आता गावी परतला होता.

"फेटा सापडला का तुमचा?" मी विचारलं.

"आयला... संयोगिताबाई! अजून ध्यानात हाय व्हय?"

असं आमचं पहिलं बोलणं झालं.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराखाली. गावाभोवती जुनं दगडी कूस आहे, निम्मं ढासळलेलं. त्याच्या बाहेरून, उसाच्या कडेनं एक वाट गावाला पूर्ण गोल फिरते. तिला आम्ही वेढा म्हणतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीनं गाव उजवीकडे ठेवून जोडीनं वेढा घालायचा, ही इथली रीत. एरवी बाई आणि माणूस जोडीनं वेढा घालत नाहीत. घातला, तर गाव त्याचा एकच अर्थ घेतं.

मालक गेल्यापासून मी रोज सकाळी एकटीच वेढा घालत होते. आकारामही घालू लागला... पण उलट्या दिशेनं. माझं घर पश्चिमेच्या वेशीपाशी, त्याचं पूर्वेच्या. त्यामुळे आम्ही एकदा बारवेपाशी भेटायचो आणि एकदा पार दुसऱ्या टोकाला, वीरगळापाशी.

"उलटं का चालता हो?" मी एकदा विचारलं.

"सुलटं चाललो तर तुमची पाठच दिसंल की."

मी पदर सावरून पुढे निघाले. पण त्या दिवसापासून वळण जवळ आलं की उगाच चष्मा पुसायला लागले. तो गुऱ्हाळावरचा ताजा गूळ कागदात बांधून आणायचा, मी सोनचाफ्याचं फूल द्यायचे. दोन शब्द, एक नजर, की दोघं आपापल्या वाटेला.

गेल्या पावसाळ्यात त्याची अँजिओप्लास्टी झाली. तेवढे दिवस वेढा मला संपता संपत नव्हता.

आणि परवा वीरगळापाशी तो थांबून म्हणाला, "एकडाव... माझ्यासंगं वेढा घालाल काय?"

नाही म्हणवेना, हो म्हणायला जीभ उचलेना. तशीच घरी आले.

काल सकाळी बारवेपाशी तो नव्हता.

वाटलं, उशीर झाला असेल. पूर्वेच्या वेशीशी त्याची शेजारीण तानाबाई शेण्या थापत होती. "आकाराम दिसले का गं?"

"आत्ताच गेला की हितनं."

मी घाईनं निघाले. वीरगळापाशीही कुणी नाही. रागावला असेल? की कुठे वाटेत छातीला हात लावून बसला असेल? माझे पाय पळायलाच लागले. बारव पुन्हा रिकामी. धापा टाकत परत तानाबाईपाशी आले.

ती शेणाचे हात कपाळाला लावून हसत होती. "वैनी, किती पळतासा? त्यो तुमच्याच मागनं फिरतोय! आज सुलटा निघालाय. तुमी पळतासा म्हणून त्यो बी पळतोय. आत्ताच विचारून गेला, वैनी कुठंशी गेल्या म्हणून. आवो, एकानं तरी थांबा की!"

मी जागीच हबकले. सुलटा! म्हणजे माझ्या जोडीनं चालायला. परवा विचारलेलं त्यानं पुन्हा एकदा, साऱ्या गावादेखत विचारलं होतं. आणि छातीची तमा न बाळगता पळत होता. तो काही थांबणारा नव्हे.

पुढे वीरगळापर्यंत जाऊन मी कट्ट्यावर बसले. ऊन वर आलं होतं, किटल्या घेऊन माणसं डेअरीकडे चालली होती. जो तो बघत होता. बघू दे, म्हटलं.

तो आला. घामाघूम, पण धडधाकट. माझा जीव असा भांड्यात पडला की डोळेच भरले.

"सांगता येत नव्हतं? छातीचं काही झालं असतं म्हणजे?"

"छाती बरी हाय. गुडघं गेलं." तो खाली बघत म्हणाला, "तुमी... थांबलासा?"

"दिसत नाही का?"

"माझ्यासाठनं?"

"नाही, डेअरीचं दूध मोजायला बसलेय! उठायला हात द्या आधी."

त्यानं हात दिला. भट्टीपुढे राबलेला, खरबरीत, गरम हात. मी उठले, तरी कुणीच तो सोडला नाही.

"वैनी," मागोमाग येऊन पोचलेली तानाबाई गावाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "हळद उगाळू काय?"

आम्ही निघालो. उजवीकडे गाव, डावीकडे आकाराम. बारवेच्या वळणावर सवयीनं माझा हात चष्म्याकडे गेला, नजर समोर गेली.

समोर कुणीच नव्हतं. किती बरं वाटलं!